पावसाचा अर्धाच धडा

आपल्या मुलांना पावसाळ्याचें कारण विचारलें तर बहुतेक मुलें एकच उत्तर देतात, आणि तें त्यांना मुखोद्गत असतें. उन्हाळ्यांत जमीन समुद्रापेक्षां अधिक तापते. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घेण्यास समुद्रावरील ओलसर हवा धांवून येते. ती सह्याद्रीस अडते, वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो. हें उत्तर खोटें नाहीं. एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदानें १६८६ सालीं मोसमी वाऱ्यांची उपपत्ति याच धोरणानें मांडली व ती आजतागायत शाळांतून शिकविली जात आहे. परंतु तीनशें वर्षांहून जुनी ही उपपत्ति म्हणजे पावसाच्या धड्याचा केवळ अर्धा भाग होय, आणि उरलेला अर्धा भाग आपण मुलांना सांगत नाहीं, अशी माझी तक्रार आहे. हा उरलेला भाग जमिनीवर नाहीं व समुद्रावरही नाहीं. तो आपल्या डोक्यावर सुमारें बारा किलोमीटर उंचीवर आहे. तो न शिकविल्यानें मुलांच्या परीक्षेंतील गुणांत कांहीं उणें पडत नाहीं, हें खरें. पण आपल्या घरांत व शेतांत मात्र त्यामुळें पुष्कळ उणें पडतें, असें माझें मत आहे, आणि तें मी विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडूं इच्छितों.

अर्धा धडा पुरेसा कां नाहीं, हें कळण्यासाठीं तीन साधे प्रश्न घ्यावे. पहिला प्रश्न असा कीं, जमीन तापल्यानेंच जर पाऊस येतो, तर तो मे महिन्यांतच कां येत नाहीं? विदर्भांत व मराठवाड्यांत पारा सर्वांत वर चढतो तो मे महिन्यांत. तरीही मोसमी पाऊस केरळच्या किनाऱ्यावर सर्वसाधारणपणें १ जूनला व मुंबईस ११ जूनला येतो; आणि येतो तो पावलापावलानें नव्हे, तर बांध फुटावा तसा एकाएकीं येतो. दुसरा प्रश्न असा कीं, ऐन जुलै-ऑगस्टांत पिकें हातभर वाढलेलीं असतांना पाऊस दोन दोन आठवडे दडी मारून बसतो, तो कां? जमीन तीच असते, समुद्रही तोच असतो. तिसरा प्रश्न असा कीं, फेब्रुवारी-मार्चांत मोसमी वाऱ्याचें नांवही नसतांना आकाशांतून आवळ्याएवढ्या नि लिंबाएवढ्या गारा कोठून पडतात? या तिन्ही प्रश्नांचें पुरें उत्तर नुसत्या तापलेल्या जमिनींत आणि गार समुद्रांत सांपडत नाहीं. त्यासाठीं मान वर करावी लागते.

वर काय आहे? उपोष्ण कटिबंधांत, म्हणजे हिवाळ्यांत साधारणपणें २५ ते ३० अंश उत्तर अक्षांशांच्या आसपास, सुमारें बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अतिवेगवान प्रवाह पृथ्वीभोंवतीं वाहत असतो. त्याची लांबी हजारों किलोमीटर, रुंदी कांहींशें किलोमीटर आणि जाडी मात्र थोड्या किलोमीटरांचीच असते. म्हणजे एखाद्या चपट्या, लांबलचक पट्ट्याप्रमाणें त्याची आकृति आहे. हिवाळ्यांत उत्तर भारतावर त्याचा वेग ताशीं दीडशें-दोनशें किलोमीटरांपर्यंत जातो, आणि जपानावर तर तो कधीं कधीं तीनशेंच्याही पलीकडे जातो. शास्त्रज्ञ यास उपोष्ण जेट प्रवाह म्हणतात. जेट म्हणजे झोत. नळाचें तोंड अंगठ्यानें दाबलें असतां पाणी जसें झोतानें बाहेर पडतें, तसा हा वाऱ्याचा झोत आहे; एवढेंच कीं, येथें अंगठा कोणाचाही नाहीं.

मग हा झोत उत्पन्न कसा होतो? पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते तेव्हां विषुववृत्तावरील जमीन ताशीं सुमारें १,६७० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे जात असते. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग सुमारें १,५८० आणि ३० अंशांवर सुमारें १,४५० किलोमीटर असतो; कारण उत्तरेकडे जावें तसतसें पृथ्वीच्या आंसापासूनचें अंतर कमी होत जातें. आतां विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उंचावरून उत्तरेकडे वाहूं लागली, म्हणजे ती आपला मूळचा वेग बरोबर घेऊन निघते. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसलेल्या मुलानें हात छातीशीं आंवळले कीं तो अधिक जोरानें फिरूं लागतो, हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं केलेला असेल. त्याच नियमानें ही हवा जसजशी आंसाच्या जवळ येते तसतशी खालच्या जमिनीपेक्षां अधिकच पुढें धांवूं लागते, म्हणजेच पश्चिमेकडून येणारा प्रचंड वारा बनते. शिवाय दक्षिणेकडील उष्ण हवा व उत्तरेकडील थंड हवा यांच्या तपमानांतील अंतरही या वाऱ्यास बळ देतें; म्हणून हिवाळ्यांत, जेव्हां हें अंतर फार असतें, तेव्हां प्रवाह जोरावर असतो, आणि उन्हाळ्यांत तो मंदावतो.

कोणी म्हणेल कीं, जें दिसत नाहीं तें मुलांस कसें दाखवावें? पण तें दिसतें. हिवाळ्यांतील एखाद्या सकाळीं चुलीचा धूर पश्चिमेकडे झुकलेला असतो, आणि त्याच वेळीं आकाशांत अति उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतुमय ढग पूर्वेकडे सरकत असतात. खालचा वारा एका दिशेचा व वरचा दुसऱ्या दिशेचा! पाण्याचे नव्हे, तर हिमकणांचे बनलेले हे ढग म्हणजे वरच्या वाऱ्याचें निशाणच होय. तसेंच अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कहून लंडनला जाणारें विमान परतीच्या विमानापेक्षां साधारणपणें तासभर कमी वेळांत पोहोंचतें, तेंही उत्तरेकडील अशाच एका पश्चिमी झोताच्या बळावर.

आतां आपल्या तीन प्रश्नांकडे वळूं. हिवाळ्यांत आणि उन्हाळ्याच्या बऱ्याच भागांत हा प्रवाह हिमालयाच्या दक्षिण अंगानें, म्हणजे पंजाब व गंगेच्या मैदानावरून, वाहत असतो. तो तेथें आहे तोंपर्यंत त्याच्या दक्षिणेस वरची हवा खालीं बसत राहते, आणि खालीं बसणारी हवा कोरडी व उबदार होत असल्यामुळें ढगांस वाढूं देत नाहीं. भांड्यावर झांकण ठेवावें तसें तें झांकण आहे. मे महिन्यांत जमीन कितीही तापली तरी हें झांकण बहुतेक तसेंच राहतें. पुढें सूर्य उत्तरेस सरकतो; सरासरी साडेचार हजार मीटर उंचीचें तिबेटचें पठार तापतें, आणि त्याच्या माथ्यावरील हवाही तापते; प्रवाह दुर्बल होऊन हिमालय ओलांडतो व पठाराच्या उत्तरेस जातो. त्याच सुमारास आपल्या द्वीपकल्पावर, त्याहूनही उंच, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसरा एक जेट प्रवाह सुरू होतो. झांकण निघालें कीं समुद्राच्या ओल्या वाऱ्यास वर चढण्यास वाट मिळते. पश्चिमी प्रवाहाच्या या स्थलांतराचा व मोसमी पावसाच्या आगमनाचा संबंध यिन या हवामानशास्त्रज्ञानें १९४९ सालीं दाखविला. आणि पूर्वेकडून येणाऱ्या प्रवाहाचें वर्णन पी. कोटेश्वरम् या आपल्या भारतीय शास्त्रज्ञानें १९५८ सालीं केलें. भूगोलाच्या पुस्तकांत हॅलीचें नांव यावें आणि कोटेश्वरम् यांचें येऊं नये, हें मला तरी योग्य वाटत नाहीं.

या स्थलांतराचा एक पुरावा मोठा मनोरम आहे. एव्हरेस्ट शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे तें जवळजवळ या प्रवाहांतच डोकें खुपसून उभें आहे. हिवाळ्यांत शिखरावरून बर्फाचा भुगा पताकेसारखा पूर्वेकडे उडत असतो, तो याच वाऱ्यानें. मे महिन्याच्या उत्तरार्धांत प्रवाह उत्तरेस सरकूं लागला म्हणजे शिखरावर थोडे दिवस शांतता येते, आणि गिर्यारोहक त्याच दिवसांची वाट पाहत तळावर बसून राहतात. तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोंचले तो दिवस १९५३ सालच्या मे महिन्याची २९ तारीख होती. केरळांत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून. गिर्यारोहकाचा मुहूर्त आणि शेतकऱ्याचा मुहूर्त एकमेकांच्या इतके जवळ यावे, हा निव्वळ योगायोग नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरही अंशतः येथेंच आहे. उत्तरेस गेलेला पश्चिमी वारा सरळ रेषेंत वाहत नाहीं. नदीप्रमाणें वळणें घेत वाहतो. एखादें वळण पावसाळ्यांत फार दक्षिणेस उतरलें म्हणजे वायव्येकडील कोरडी हवा आंत शिरते, पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशीं जाऊन बसतो, तेथें पूर येतात आणि इकडे महाराष्ट्रांतील शेतें कोरडीं पडतात. पावसाच्या अशा खंडास प्रशांत महासागरांतील एल निनो आदिकरून इतरही कारणें असतात, आणि सर्व दोष एकट्या वरच्या वाऱ्याच्या माथीं मारणें शास्त्रास धरून होणार नाहीं. पण खंडाचें मोल काय असतें, तें २००२ सालच्या जुलै महिन्यानें दाखविलें. त्या महिन्यांत सबंध देशांत नेहमींच्या निम्म्याइतकाच पाऊस पडला. याच्या उलट, पश्चिमी वाऱ्याचें वळण व मोसमी ओलावा यांची गांठ पडली तर अतिवृष्टि होते. २०१३ सालच्या जून महिन्यांत, १६ व १७ तारखांस, केदारनाथ येथें जो अनर्थ झाला त्याच्या मुळाशीं अशीच गांठ होती. त्या वर्षीं मोसमी पाऊस नेहमींच्या तारखेपूर्वीं सुमारें एक महिना सबंध देशभर पसरला होता. त्यांतच पृथ्वीची हवा तापत चालली आहे, आणि तपमान एक अंशानें वाढलें तर हवेंत सुमारें सात टक्के अधिक वाफ मावते. म्हणजे अशी गांठ पुढें पडेल तेव्हां खालीं येणारें पाणीही अधिकच असावयाचें.

आतां तिसरा प्रश्न, आणि माझ्या मतें हाच सर्वांत जिव्हाळ्याचा. हिवाळ्यांत या प्रवाहाबरोबर भूमध्य समुद्राकडून कांहीं वादळी लाटा पूर्वेकडे येतात. वर्तमानपत्रें त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीरचें बर्फ आणि पंजाबच्या गव्हावर पडणारा पाऊस ही त्यांचीच देणगी. तेव्हां त्यांस शत्रु म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. पण क्वचित् त्यांतील एखाद्या लाटेचें वळण दक्षिणेस महाराष्ट्रापर्यंत उतरतें. खालीं दोन्ही समुद्रांकडून आलेली उबदार ओली हवा, आणि वर पश्चिमेकडून आलेली थंड कोरडी हवा, अशी स्थिति झाली कीं हवा एकाएकीं उसळी घेते. वरचा झोत ती अधिकच वर ओढतो. पाण्याचे थेंब गोठतात, उसळत्या हवेनें वरच तोलून धरले जातात, त्यांवर पुनः पुनः बर्फाचीं पुटें चढतात, आणि अखेर भार असह्य झाला म्हणजे ते गारांच्या रूपानें खालीं कोसळतात. २०१४ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र यांवर अशी गारपीट पुनः पुनः झाली. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षें, डाळिंबें, सारें हातातोंडाशीं आलेलें गेलें. गुरें मेलीं, पांखरें झाडांखालीं मरून पडलीं.

अशा प्रसंगानंतर वर्गांत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो भूगोलाचा नसतो. मुलें विचारतात: देवानें आमच्याच गांवावर कां कोप केला? हा प्रश्न मुलांच्या डोक्यांतून निघालेला नसतो. तो घरच्या ओटीवर, देवळाच्या पारावर, आणि सांगण्यास खेद होतो, उपासनामंदिराच्या दारांतही मोठ्या माणसांच्या तोंडून निघालेला असतो. अमक्याच्या मळ्यावर गारा पडल्या व तमक्याचा बांधापलीकडचा मळा वांचला, तेव्हां अमक्याच्या हातून कांहीं तरी घडलें असलें पाहिजे, असें लोक बोलून दाखवितात. ज्याचें वर्षाचें उत्पन्न अर्ध्या तासांत मातींत मिळालें, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचें कर्ज तसेंच राहिलें, त्याच्याच माथीं पापही मारावयाचें! कर्ज परत फेडतां येतें. हा डाग कसा फेडावा? अशा माणसास शेजाऱ्याच्या आधाराची गरज सर्वांत अधिक असते, आणि नेमकें त्याच वेळीं आपण त्यास एकटें पाडतों.

मी ख्रिस्ती आहें, आणि देवाच्या इच्छेवांचून कांहीं घडत नाहीं अशी माझी श्रद्धा आहे. पण त्याच श्रद्धेनें मी म्हणतों कीं, गारपिटीस शिक्षा म्हणणें ही देवभक्ति नव्हे. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें पावसाविषयीं काय सांगितलें, तें प्रत्येक ख्रिस्ती मुलास ठाऊक आहे: देव पाऊस देतांना शेताच्या धन्याचें पुण्य मोजून देत नाहीं, हा त्याचा भावार्थ. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं या समजुतीचा प्रभूनें स्पष्ट निषेध केला, हेंही लूकच्या शुभवर्तमानांत आहे. इतर धर्मांच्या माझ्या बांधवांसही त्यांचे साधुसंत याहून निराळें सांगत नसतील. ज्या देवानें पृथ्वीस फिरण्याचा नियम लावून दिला, त्यानेंच त्या नियमानुसार वाहणारा वारा निर्माण केला. त्याचा नियम समजून घेणें हा त्याचा अवमान नसून त्याच्या हस्ताक्षराचें वाचन आहे. तें न वाचतां आपल्या मनांतील द्वेष त्याच्या नांवावर खपविणें, हाच खरा अवमान होय.

ज्ञान लोकांच्या भाषेंत पोहोंचलें नाहीं तर काय होतें, याचा धडा या प्रवाहाच्या शोधाच्या इतिहासांतच आहे. जपानांतील तातेनो येथील वेधशाळेंत वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञानें १९२३ ते १९२५ या काळांत हवेंत फुगे सोडून व दुर्बिणीनें त्यांचा माग घेऊन अति उंचावरील हा प्रचंड पश्चिमी वारा मोजला. आपला शोध सर्व राष्ट्रांस वाचतां यावा, या उदार हेतूनें त्यानें १९२६ सालीं तो एस्पेरांतो या नवनिर्मित भाषेंत प्रसिद्ध केला. सर्वांची म्हणून निवडलेली ती भाषा जवळजवळ कोणीच वाचीत नव्हतें, आणि शोध कागदावरच राहिला. पुढें १९४४ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकन बाँबफेकी विमानें अति उंचीवरून टोकियोवर गेलीं, तेव्हां त्यांचे नेम या वाऱ्यानें चुकूं लागले, आणि सेनापतींस तो नव्यानेंच कळला.

जपानच्या सैन्यास मात्र तो ठाऊक होता, आणि त्यानें त्याचा जो उपयोग केला तो ऐकून मन विषण्ण होतें. कागदाचे प्रचंड फुगे करून त्यांस बाँब बांधावे आणि वाऱ्यानें ते पॅसिफिक महासागरापलीकडे न्यावे, अशी ती योजना होती. १९४४ च्या नोव्हेंबरापासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत असे सुमारें नऊ हजार फुगे सोडण्यांत आले. त्यांचे कागद चिकटविण्याच्या कामीं शाळेंतल्या मुली लावण्यांत आल्या होत्या. १९४५ सालच्या मे महिन्याच्या ५ तारखेस अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत रविवारच्या शाळेचीं कांहीं मुलें आपल्या पाळकाबरोबर वनभोजनास गेलीं होतीं. रानांत पडलेल्या अशा एका फुग्याचा स्फोट होऊन पाळकाची गर्भवती पत्नी व पांच मुलें ठार झालीं. एका देशांतील शाळकरी मुलींनीं चिकटविलेला कागद दुसऱ्या देशांतील शाळकरी मुलांचा काळ ठरला, आणि दोहींच्या मधून वाहत होता तो हाच वारा! वारा निर्दोष होता. त्याचें ज्ञान थोड्यांच्या हातीं राहिलें व तें नाशाकडे लागलें, हा दोष माणसांचा. तेंच ज्ञान आज सर्वांस खुलें झालें असून त्याच्या आधारें गारपिटीचा इशारा आधीं देतां येतो. मग तें मराठी शाळेंतील मुलापर्यंत त्याच्या मायबोलींत कां पोहोंचूं नये?

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, ते मी जाणून आहें. पहिला आक्षेप शिक्षकबंधूंचा: अभ्यासक्रम आधींच भरगच्च आहे. त्यास माझें उत्तर असें कीं, मी नवा विषय मागत नाहीं. असलेला धडा पुरा करा, एवढेंच म्हणतों. दोन तासिका, एक पृथ्वीचा गोल आणि एक फिरती खुर्ची एवढ्यानें तो पुरा होतो. दुसरा आक्षेप पालकांचा: वेधशाळेचे अंदाज चुकतात, मग हें शास्त्र शिकून काय उपयोग? अंदाज कधीं कधीं चुकतात, हें खरें. परंतु वरचा वारा कसा वळणें घेतो हें ज्यास कळलें, त्यास अंदाज कां चुकतो हेंही कळतें, आणि तो अंदाज टाकून न देतां त्याचा विवेकानें उपयोग करतो. ओरिसाच्या किनाऱ्यावर १९९९ सालच्या चक्रीवादळांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. २०१३ सालीं तशाच प्रखर वादळाचा इशारा लोकांनीं मानला, लाखों माणसें आधींच हलविण्यांत आलीं, आणि बळींची संख्या पन्नासाच्या आसपास राहिली. येथें फरक पडला तो इशारा ऐकण्यानें.

शिवाय या शास्त्राचें माहेर आपल्याच महाराष्ट्रांत आहे, हें आपण विसरतों. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. त्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, आणि पुणेंकर त्या इमारतीस आजही सिमला ऑफिस म्हणतात. उष्ण कटिबंधांतील हवामानाचा अभ्यास करणारी संस्थाही पुण्यासच १९६२ सालीं निघाली. विजेच्या संकटाची सूचना देणारें दामिनी नांवाचें ॲप तिनेंच तयार केलें आहे. गंगा दारीं असतांना आपण तहानलेले राहावें, याला काय म्हणावें?

म्हणून माझ्या सूचना थोडक्यांत मांडतों. प्रत्येक शाळेनें आवारांत एक पर्जन्यमापक ठेवावा आणि दररोज सकाळीं साडेआठ वाजतां पावसाची नोंद करावी. वेधशाळेची वेळही हीच आहे. त्याच वहींत दोन रकाने निराळे असावे: जमिनीवरील वाऱ्याची दिशा, आणि उंच ढगांची दिशा. वर्षभर ही वही प्रामाणिकपणें लिहिली, तर वरचा पश्चिमी वारा मुलांस पुस्तकावांचून भेटेल. हिवाळ्यांत तो कसा असतो आणि जूनपासून ढगांची चाल कशी पालटते, हें त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत लिहिलेलें राहील. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं वेधशाळेचा पिवळा, नारिंगी व लाल इशारा आठवड्यांतून दोन वेळां फळ्यावर लिहावा आणि तो घरीं जाऊन सांगावा. घरच्या वडील मंडळींनीं तो हंसून सोडून न देतां, काढलेलें पीक झांकावें, गुरें आडोशास न्यावीं, आणि वीज कडाडत असतां मुलांस झाडाखालीं उभें राहूं देऊं नये. इतकें करूनही गारा पडल्याच, तर ज्याचें नुकसान झालें त्याच्या दारीं जातांना त्याच्या पापाची चौकशी न करतां भाकरी घेऊन जावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरचा उदरनिर्वाह पावसावर आहे. तुमच्या आजोबांस नक्षत्रें पाठ होतीं. मृगाचा पाऊस केव्हां व हस्ताचा केव्हां, हें ते बोटांवर सांगत. तें ज्ञान टाकून देऊं नका. पण त्यांच्या डोळ्यांस जें साधन मिळालें नाहीं, तें तुम्हांस मिळालें आहे, त्याची भर त्यांत घाला. पुढील खेपेस कोणी वडील माणूस गारांनीं झोडपलेल्या शेताकडे बोट दाखवून हें कोणाचें पाप म्हणून विचारील, तेव्हां त्यास नम्रपणें, हात जोडून, पण न भितां सांगा कीं, आजोबा, पश्चिमेकडचा वरचा वारा या वेळीं फार खालीं दक्षिणेस उतरला होता, आणि या माणसाचें कांहीं चुकलेलें नाहीं. एवढें जरी आपल्या शाळेंतील मुलांस म्हणतां आलें, तरी पावसाचा धडा पुरा झाला असें मी समजेन.